मडकें मांडलें, कुंभार कोठें आहे?

प्रदर्शन म्हणजे वस्तु ओळीनें मांडणें, इतकेंच पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. काय मांडावें, काय कोठीघरांत कोंडावें, आणि मांडलेल्या वस्तूपुढच्या चिठीवर काय लिहावें हें ठरविणारा एक मनुष्य असतो. त्यास क्युरेटर म्हणतात. गांवच्या दप्तरांत जो अधिकार पूर्वीं कुळकर्ण्याचा होता तोच येथें ह्याचा! लिहील तें खरें, गाळील तें नाहींच.

इ. स. १८८६ त लंडन शहरीं साउथ केन्सिंग्टन येथें वसाहतींचें व हिंदुस्थानचें मोठें प्रदर्शन भरलें. सुमारें ५५ लाख लोकांनीं तें पाहिलें. तेथें गालिचे, भांडीं, कोरीव लांकूड हें सर्व होतेंच. पण जिवंत माणसेंहि मांडलीं होतीं! आग्र्याहून नेलेले ३४ कारागीर तेथें बसून आपापला धंदा करून दाखवीत. पाहणारांस वाटे, काय ही पिढीजाद कला! वस्तुतः त्यांतील बरेच आग्र्याच्या तुरुंगांतील कैदी होते व हे धंदे त्यांस तुरुंगांतच शिकविले होते. मांडणारानें तेवढें सांगितलें नाहीं, कीं झाली परंपरा तयार!

त्यांत बक्षीराम नांवाचा कुंभार होता. वय १०२ सांगत. राणी व्हिक्टोरियेनें रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्याची तसबीर काढविली, म्हणून त्याचें नांव तरी आज आपणांस ठाऊक. ज्यांची तसबीर निघाली नाहीं त्यांचें काय?

कोणी म्हणेल, जुन्या कारागिराचें नांव आतां कोठून आणावें? ठीक आहे, नसेल मिळत तर ‘नांव मिळालें नाहीं’ असें चिठीवर लिहा, म्हणजे पाहणारास निदान कळेल कीं ही वस्तु आकाशांतून पडली नव्हती. देणगीदाराचें नांव मात्र बरें सांपडतें!

हें केवळ विलायतेचें गाऱ्हाणें नव्हे. मुंबईस भायखळ्याला राणीच्या बागेंत इ. स. १८७२ त उघडलेलें संग्रहालय आहे. १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. तेथें निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांचे मातीचे लहान पुतळे आहेत. आमचे वाचक मुलाबाळांसह बागेंत जातातच. ह्या खेपेस आंत शिरा, आणि पुतळा कोणत्या जातीचा हें वाचून झाल्यावर तो कोणाच्या हातानें घडला हें तेथील मंडळींस अवश्य विचारा. काय उत्तर मिळालें तें आम्हांस कळवावें, आम्ही छापूं.