कलम 46 चा हिशेब द्या

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई



24 सप्टेंबर 2019 च्या सकाळी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेच्या खातेदारांच्या मोबाइलवर संदेश आले आणि तासाभरात शाखांसमोर गर्दी उसळली. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार पुढचे सहा महिने खात्यातून एकूण 1,000 रुपयेच काढता येणार होते. म्हणजे दिवसाला साडेपाच रुपये. लोक संतापले, तेव्हा ती मर्यादा 10 हजार झाली, मग 25 हजार, मग 40, मग 50 हजार. प्रत्येक वाढीआधी आझाद मैदानात आणि तुमच्या कार्यालयाबाहेर उन्हात माणसं उभी होती. त्यांतली बरीचशी साठी-सत्तरी ओलांडलेली होती. काही ठेवीदार पुढच्याच महिन्यात दगावले. त्यांच्या घरच्यांनी काय भोगलं, ते सगळ्या मुंबईनं वर्तमानपत्रांत वाचलं.

त्या वेळी तुम्ही या पदावर नव्हता, हे मला माहीत आहे. पण पद तेच आहे आणि प्रश्नही अजून तोच आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

या बँकेत झालं काय, ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 1984 साली सायनमध्ये सुरू झालेली ही बँक पुढे 137 शाखांपर्यंत वाढली. ठेवी 11,600 कोटींच्या घरात गेल्या. दिलेल्या कर्जांपैकी सुमारे 73 टक्के, म्हणजे 6,500 कोटींच्या आसपास रक्कम, एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे होती. एका समूहाला किती कर्ज द्यावं याची मर्यादा तुमच्याच परिपत्रकांत घातलेली आहे. ती धाब्यावर बसवली गेली आणि ते लपवण्यासाठी 44 कर्जखात्यांच्या जागी 21,049 बनावट खाती दाखवण्यात आली. पोलिसांच्या फिर्यादीनुसार ही खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत नव्हतीच, तपासणीसाठी दिलेल्या यादीत फक्त नोंदी होत्या. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकानं तुमच्याच कार्यालयाला लिहिलेल्या पत्रात याचं कारणही दिलं होतं. ठेवींच्या तारणावरची छोटी कर्जं म्हणून ही खाती दाखवली, रकमा लहान होत्या, म्हणून ती तपासली गेली नाहीत.

गव्हर्नरसाहेब, या एका वाक्यावर जरा थांबा. यादीतली कुठलीही दहा नावं उचलून शाखेतल्या संगणकावर शोधली असती, तर ती सापडली नसती आणि बिंग तिथल्या तिथे फुटलं असतं. पतपेढीचं ऑडिट करणारा गावाकडचा लेखापरीक्षकसुद्धा एवढं करतो. तुमची तपासणी पथकं वर्षानुवर्षं येऊन गेली. 2018-19 च्या ताळेबंदात बँकेला जवळपास 100 कोटींचा नफा दिसत होता आणि थकीत कर्जं 4 टक्क्यांहून कमी. तो ताळेबंद पाहून लोकांनी पैसे ठेवले. अखेर हा प्रकार बाहेर आला तो बँकेतल्याच काही महिला कर्मचाऱ्यांनी धाडस केलं म्हणून, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात. त्या बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या टेबलावर जे दिसलं, ते लेखापरीक्षकांना, संचालकांना आणि तुमच्या पथकांना दिसलं नाही, हे मानायला माझं मन तयार होत नाही.

अटका झाल्या, हे खरं आहे. व्यवस्थापकीय संचालक, अध्यक्ष, बिल्डर पितापुत्र, लेखापरीक्षक यांना पोलिसांनी पकडलं आणि त्याच डिसेंबरात 32 हजार पानांचं आरोपपत्र दाखल केलं. त्यांचं काय करायचं, ते न्यायालय ठरवेल. माझा सवाल तुमच्या दारातला आहे. 10 ऑक्टोबर 2019 ला अर्थमंत्री मुंबईत आल्या, तेव्हा ठेवीदारांनी त्यांना गाठलं. या बँकेचं नियमन रिझर्व्ह बँक करते, अर्थ मंत्रालयाचा थेट संबंध नाही, असं उत्तर मिळालं. ठीक आहे. मग रिझर्व्ह बँकेत कुणाचा संबंध होता? तपासणी अहवालावर सही कुणाची होती? त्या सहीबद्दल कुणाला जाब विचारला गेला का? आजतागायत लोकांना याचं उत्तर मिळालेलं नाही. सगळ्यांनी हात वर केले आणि भुर्दंड पडला ठेवीदारांवर.

तो किती पडला, ते एका उदाहरणानं मांडतो. समजा, 2019 साली सत्तरीच्या एका निवृत्त माणसाचे या बँकेत 20 लाख होते, प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे. 25 जानेवारी 2022 ला ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. योजनेनुसार ठेव विम्याचे 5 लाख आधी. मग पहिल्या वर्षाअखेर 50 हजार, दुसऱ्या वर्षाअखेर आणखी 50 हजार, तिसऱ्याला 1 लाख, चौथ्याला अडीच लाख, पाचव्याला साडेपाच लाख. हे झाले 15 लाख, तेही जानेवारी 2027 पर्यंत. उरलेले 5 लाख जानेवारी 2032 मध्ये, जेव्हा तो माणूस 82 वर्षांचा असेल. 31 मार्च 2021 नंतर विलीनीकरणाची पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत व्याज शून्य, त्यानंतर उरलेल्या रकमेवर पावणेतीन टक्के. संस्थांचे हाल वेगळेच. विम्याबाहेरच्या त्यांच्या ठेवींपैकी 80 टक्के रक्कम प्रेफरन्स शेअरमध्ये गेली. इमारतीच्या दुरुस्तीसाठी महिन्याकाठी वर्गणी साठवणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी त्या शेअरवर स्लॅबची गळती थांबवायची कशी?

आणि याच काळात येस बँक. 5 मार्च 2020 ला निर्बंध आले, 18 मार्चला उठलेसुद्धा. अवघे तेरा दिवस. त्या बँकेला सावरलं हे योग्यच केलंत, तिथेही लोकांचाच पैसा होता. पण तिकडे तेरा दिवसांत स्टेट बँक धावून आली आणि इकडे पीएमसीच्या ठेवीदाराला सव्वादोन वर्षं नुसता खुलासा मिळत राहिला, यातून त्यानं काय समजायचं? त्याचा राग तुम्ही समजून घ्यायला हवा. 2010 मध्ये पेण अर्बन बँक बंद पडली, तेव्हा रायगडमधल्या माणसांनी हेच पाहिलं. 1912 साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी 2013 ते 2022 अशी नऊ वर्षं हेलपाटे घातले. शेवटी परवाना रद्द झाल्याचा आदेश त्यांच्या हाती पडला.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या संकेतस्थळावर वरचेवर एक प्रसिद्धिपत्रक झळकतं, अमुक नागरी सहकारी बँकेला नियमभंगाबद्दल एक लाख, दोन लाख, पाच लाख दंड. हा दंड भरतो कोण? बँक. म्हणजे सभासद आणि ठेवीदार. ज्या संचालकानं नियम मोडून आपल्या सोयऱ्याला कर्ज दिलं, त्याच्या खिशातून छदामही जात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. आणि असा दंड ठोठावून कारवाई केल्याची नोंद तुमच्या दफ्तरी होते.

कायद्यानं तुम्हाला याहून बरंच काही दिलेलं आहे. बँकिंग नियमन कायद्याचं कलम 46 सांगतं की, विवरणपत्रात किंवा ताळेबंदात जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. इथे दंड माणसाला आहे, संस्थेला नाही. पण पुढचं कलम 47 असं की, या गुन्ह्याची दखल न्यायालय घेणार ती रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यानं लेखी तक्रार केली तरच. ठेवीदार या कलमाखाली फिर्याद करू शकत नाही. ठेवीदार संघर्ष समिती करू शकत नाही. हे दार उघडण्याची किल्ली एकट्या तुमच्या हातात आहे.

मग ती किती वेळा फिरवली? पेण अर्बनसाठी, रुपीसाठी, पीएमसीसाठी तुम्ही स्वतः कलम 46 खाली कुणाकुणावर लेखी तक्रार केली, ती कधी केली आणि तिचं पुढे काय झालं? हा माझा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या फायलींत आहे.

तपासणी अहवाल गोपनीय असतात, हे कारण आता चालणार नाही. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, रिझर्व्ह बँकेचं कर्तव्य जनहित जपणं हे आहे, एखाद्या बँकेची झाकली मूठ सांभाळणं हे नाही. चालू बँकेचा अहवाल जाहीर केला तर ठेवीदार घाबरून रांगा लावतील, ही भीती मी समजू शकतो. पण जी बँक बुडून गेली, विलीन झाली, जिचा परवानाच रद्द झाला, तिचे जुने अहवाल लपवून आता कुणाला वाचवायचं आहे?

नंतर बदल केलेत, तेही मी नाकारत नाही. विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली, 2020 च्या दुरुस्तीनं सहकारी बँकांवरचे तुमचे अधिकार वाढले, मोठ्या कर्जांची माहिती एकत्र गोळा होऊ लागली. हे सगळं वरातीमागून आलं, तरी आलं. पण मग फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतून 122 कोटींची रोकड नाहीशी झाल्याची तक्रार झाली. कामगारांसाठी जॉर्ज फर्नांडिस यांनी उभी केलेली ही बँक. पुढे ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदार वाचले, याचं श्रेय तुम्हाला. पण रोकड म्हणजे काही गुंतागुंतीचा व्यवहार नव्हे. ती मोजायची असते. ती मोजून पाहिल्याची सही वर्षानुवर्षं कोण करत होतं आणि त्या सहीवर तुमचा विश्वास कशाच्या जोरावर होता?

महाराष्ट्रातल्या कितीतरी नागरी बँका आजही सचोटीनं चालतात. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, घरगुती मसाले करणाऱ्या बाईला कर्ज देणारी दुसरी बँक गावात नसते. एक बँक बुडाली की शेजारच्या चांगल्या बँकेतूनही लोक मुदत ठेवी मोडून नेतात. लबाडांना वैयक्तिक शिक्षा होत नाही, म्हणून प्रामाणिक संचालकांकडे संशयानं पाहिलं जातं. त्यांच्यावरही हा अन्यायच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालात एक पान छापा. गेल्या पंधरा वर्षांत बंद पडलेल्या किंवा विलीन कराव्या लागलेल्या प्रत्येक सहकारी बँकेचं नाव, तिची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली ती तारीख, आणि त्या बँकेच्या संचालक, अधिकारी व लेखापरीक्षकांपैकी किती जणांविरुद्ध तुम्ही कलम 46 खाली तक्रार केली तो आकडा. आकडा शून्य असेल, तर शून्य छापा. ठेवीदारांनी त्यांच्या पैशांचा हिशेब वर्षानुवर्षं मागितला आहे, आता तुम्ही तुमच्या अधिकाराचा हिशेब द्या.

आपला,
एक ठेवीदार