मांत्रिकाच्या दारी कोण येते?

रहस्यकथा म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, तिच्यात समाज नसतो, असतो तो फक्त मुडदा आणि पोलीस, असा समज पुरोगामी वर्तुळात रूढ आहे. बहुसंख्य रहस्यकथांपुरता तो खोटाही नाही. परंतु १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेली रुडॉल्फ फिशर यांची ‘द कॉन्जर-मॅन डाइज’ ही कादंबरी त्याला ठळक अपवाद आहे. फिशर हे कृष्णवर्णीय डॉक्टर, क्ष-किरणतज्ज्ञ. १९३४ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या या कादंबरीत मृत, संशयित, डॉक्टर आणि डिटेक्टिव्ह असे सारेच कृष्णवर्णीय आहेत, आणि कथानक घडते ते हार्लेम या त्यांच्याच वस्तीत.

फ्रिम्बो नावाचा मांत्रिक आपल्या अंधाऱ्या खोलीत मृतावस्थेत सापडतो. बाहेर गिऱ्हाइके ताटकळत बसलेली असतात. डिटेक्टिव्ह पेरी डार्ट आणि डॉक्टर जॉन आर्चर तपास सुरू करतात. तोच प्रेत नाहीसे होते आणि मेलेला म्हणून ठरलेला मांत्रिक जिवंत समोर उभा राहतो! तो चमत्कार नव्हे, हे यथावकाश उघड होते. रक्तपरीक्षा, कृत्रिम दात अशा रोकड्या पुराव्यांनी तपास पुढे सरकतो. खुनामागचा हेतूही कोणत्या मंत्रात नव्हे, तर माणसांच्या अगदी ऐहिक व्यवहारात सापडतो.

या मंत्रविद्येचे मूळ हार्लेममध्ये नाही; ते अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांत आहे. ‘हूडू’ किंवा ‘कॉन्जर’ या नावाने ती ओळखली जाते. मुळ्या, माती, हाडे, ताईत यांचा हा लोकाचार आफ्रिकेच्या स्मृती, ख्रिस्ती प्रार्थना आणि मूळ अमेरिकन रहिवाशांचे वनस्पतिज्ञान यांच्या संकरातून घडला. ज्याला न्यायालयात साक्ष देता येत नव्हती, आपल्या लेकराची विक्री थांबवता येत नव्हती, त्या गुलामाच्या हाती दुसरे काय होते? फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात एक प्रसंग दिला आहे. मालकाच्या फटक्यांपासून रक्षण व्हावे म्हणून एका सोबत्याने त्यांना एक मुळी दिली आणि ती उजव्या बाजूस बाळगण्यास सांगितले. डग्लस यांनी ती बाळगली खरी. परंतु कोव्ही नावाच्या जुलमी शेतकऱ्याचा हात थांबला तो डग्लस यांनी त्याच्याशी प्रत्यक्ष झुंज दिल्यानंतर.

१९१० ते १९४० या काळात सुमारे पंधरा लक्ष कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेकडील शहरांत आले. त्यांच्या बोचक्यांबरोबर ही विद्याही आली आणि शहरात येताच तिची बाजारपेठ झाली. मळ्यावरचा मुळीवाला ओळखीचा शेजारी होता. शहरात त्याच मुळ्या, तेले आणि चूर्णे पुड्यांत बांधून दुकानांत आणि टपालाने विकली जाऊ लागली. श्रद्धेचा माल झाला आणि दुःखाला दर लागला.

फिशर यांच्या कादंबरीचे सामर्थ्य आहे ते मांत्रिकाच्या दारात बसलेल्या गिऱ्हाइकांत. नवऱ्याचे दारूचे व्यसन सुटावे म्हणून चर्चमध्ये प्रार्थना करून थकलेली एक बाई तेथे आहे. भाऊ मरणपंथाला लागला आहे, तो करणीमुळेच, असे मानणारा एक व्यसनी आहे. आकड्यांच्या जुगारावर पोट भरणारा एक इसम आहे. मंदीत शहराची सफाईची नोकरी गमावलेला बबर ब्राऊन तर स्वतःच ‘खासगी गुप्तहेर’ होऊन बसला आहे. आणि ज्या घरात मांत्रिक भविष्य सांगतो, त्याच घरात खाली अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचा धंदा चालतो! नोकरी, आजार, व्यसन, भाडे: प्रश्न सारे इहलोकीचे आहेत, उत्तरे मात्र परलोकातून मागवावी लागतात, कारण इहलोकीची दारे बंद आहेत.

अशा विषयावर लिहिताना दोन चुका सहज घडतात. अडाण्यांचे खूळ म्हणून हसण्यावारी नेणे ही एक. आणि लोकसंस्कृतीच्या नावाखाली फसवणुकीलाही आरती ओवाळणे ही दुसरी. फिशर दोन्ही टाळतात. त्यांचा फ्रिम्बो अडाणी नाही. तो हार्वर्डचा पदवीधर आहे, आणि डॉक्टर आर्चरशी तो विज्ञान व तत्त्वज्ञान यांवर तासन्‌तास बोलतो. विज्ञानाची बाजू आर्चर सोडत नाही. पण समोरच्या माणसाला तुच्छही लेखत नाही.

चळवळीतील कार्यकर्त्यांनी येथेच थांबून विचार करावा. भोंदूचा पर्दाफाश आवश्यकच आहे. त्यात कुचराई करणे म्हणजे दुबळ्याच्या लुटीला हातभार लावणे होय. परंतु एका मांत्रिकाचे दुकान बंद झाले म्हणून बाहेरची रांग संपत नाही. ती दुसऱ्या दाराशी लागते. रांगेतल्या माणसाला काम, औषध आणि डोक्यावर छप्पर मिळाल्याखेरीज त्याला केवळ तर्कशास्त्र शिकवणे हा अर्धवट विवेकवाद होय.

फिशर यांच्या मृत्यूनंतर, १९३६ साली, या कादंबरीचे नाट्यरूपांतर हार्लेमच्या लाफायेट थिएटरात रंगभूमीवर आले. ते सादर केले बेकार नाट्यकर्मींना रोजगार देण्यासाठी सरकारने उभारलेल्या फेडरल थिएटर प्रोजेक्टने. काम नसलेल्यांना त्या प्रयोगाने काम दिले, पगार दिला. ते कोणत्याही ताईताने घडले नव्हते. सार्वजनिक पैशाने घडले होते. १९३९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्या योजनेचा पैसा बंद केला, तेव्हा ती संपली. तिला तगवण्याची शक्तीही कोणत्या मुळीत नव्हती. ती संघटित लोकांतच असू शकते.