जुनी मोटार आणि ‘ॲव्हरेज’चा हिशेब

उन्हाळ कांद्याची पट्टी हाती पडली अथवा सेवकांच्या पतसंस्थेकडून कर्ज मंजूर झाले, की कळवणसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या मोटारींच्या चौकशीस प्रारंभ होतो. मोटार ही आता केवळ धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. ज्या शिक्षकाची शाळा अभोणा-कनाशीच्या पलीकडे आहे, ज्या कारकुनाच्या घरी वृद्ध आईवडील आहेत आणि मोठे रुग्णालय म्हणजे सुमारे ८० किलोमीटरवरचे नाशिक, त्याला दारात वाहन असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. नवी परवडत नाही म्हणून जुनी, एवढाच त्याचा विचार असतो. या खरेदीत चैनीचा भाग थोडा आणि गरजेचा अधिक. म्हणूनच ती चुकली तर तिची झळ संसाराला वर्षानुवर्षे सोसावी लागते.

अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, की त्याचा मूळ अर्थ ‘सरासरी’ असा आहे, याचाच विसर पडावा. सरासरी म्हटली की ती कशाची, हे विचारणे आलेच. कंपनीच्या पत्रकातील आकडा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत, नवी गाडी फिरत्या रुळांवर ठरावीक क्रमाने चालवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो उपयुक्त आहे. परंतु नांदुरीचा घाट, आत बसलेली पाच माणसे आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांचा हिशेब त्यात नाही. शिवाय २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलासाठी जुन्या गाड्यांची रचना झालेली नव्हती. अशा चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाने २०२१ सालच्या अहवालात व्यक्त केला होता.

तथापि खरी चूक आकड्यात नाही, त्या आकड्याला आपण दिलेल्या महत्त्वात आहे. एक साधे उदाहरण घेऊ. ३ लाख रुपयांची एक जुनी मोटार लिटरला १५ किलोमीटर धावते आणि महिन्याचा प्रवास ५०० किलोमीटर आहे. पेट्रोल हिशेबासाठी १०० रुपये लिटर धरले, तर वर्षाला ४०० लिटर, म्हणजे ४० हजार रुपये इंधनाला लागतील. आता बाकीचा खर्च पाहा. गुंतलेल्या रकमेवरील ९ टक्के व्याज २७ हजार, घसारा २५ हजार आणि विमा-दुरुस्ती-टायर मिळून २० हजार धरले, तरी ही बेरीज ७२ हजारांवर जाते. ज्या इंधनाची आपण एवढी चिंता वाहतो, ते एकूण खर्चाच्या एक-तृतीयांशाहून थोडेच अधिक आहे. उरलेला खर्च पेट्रोलपंपावर दिसत नाही, म्हणून तो नाही असे आपण समजतो.

समजा, लिटरला २० किलोमीटर देणारी दुसरी मोटार पावणेचार लाखांना मिळते. तिच्यामुळे वर्षाला १०० लिटर, म्हणजे १० हजार रुपये वाचतील. परंतु जादा दिलेल्या ७५ हजारांवरील व्याज व त्याच प्रमाणातील घसारा मिळून १३ हजार रुपये होतात. वाचवण्याच्या नादात तीन हजार अधिक गेले! उलट, ज्याला रोज लांबच्या शाळेत जावे लागते आणि ज्याची गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर धावते, त्याचे २० हजार वाचतात. त्याने ती जरूर घ्यावी. म्हणजे ‘ॲव्हरेज’ गाडीचे पाहण्याआधी आपल्या प्रवासाचे पाहावे लागते. महिन्याला २०० किलोमीटरच फिरणाऱ्याला तर वरील ७२ हजारांचा भार किलोमीटरमागे ३० रुपये पडतो. त्याला एस. टी. आणि प्रसंगी भाड्याची जीप हाच स्वस्त मार्ग होय, हे कटू असले तरी सत्य आहे.

डिझेलच्या मोहाचेही असेच आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती तुंबण्याचा संभव असतो आणि दुरुस्ती महाग पडते.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. नव्या मोटारीला आपण लिंबू-मिरची बांधतो. अमेरिकेत मात्र खोट असलेल्या मोटारीलाच ‘लिंबू’ म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच नावाने एक निबंध लिहिला आणि २००१ साली तो नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला. त्याचे म्हणणे असे: गाडीतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकण्यास तयार होत नाही आणि बाजारात उत्तरोत्तर खोट्या गाड्याच उरतात. येथेही घात करते ती सरासरीच.

हा सिद्धान्त वर्गात शिकवणाऱ्या प्रस्तुत लेखकानेही आपली पहिली जुनी गाडी मीटरवरील आकड्यावर विसंबून घेतली होती. पहिल्याच दिवाळीत सप्तशृंगगडाच्या घाटात, आई मागे बसलेली असताना, क्लचने मान टाकली. ‘ॲव्हरेज’मधून दोन वर्षांत वाचणार होते तेवढे पैसे एका दुरुस्तीत गेले. मीटरचा आकडा कमी असला, तरी पायाखालच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. ते डोळ्यांसमोर असून पाहिले नव्हते.

माहितीची ही विषमता दूर करण्याचे उपाय महाग नाहीत. विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेकॅनिक सोबत न्यावा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करावे; निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे असे समजावे. टायरवरील चार अंकांतून तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी बनला हे कळते. गाडी सपाट रस्त्यावर नव्हे, भरल्या कुटुंबानिशी चढावर चालवून पाहावी. नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा नाही ना, पंधरा वर्षांच्या नोंदणीपैकी किती वर्षे उरली, हे तपासावे. सुटे भाग आणि जाणकार हात कळवणातच मिळतील अशी गाडी घ्यावी. नाशिकपर्यंत ओढून न्यावी लागणारी गाडी कोणत्याही ‘ॲव्हरेज’ने स्वस्त ठरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, हेही सौदा करताना ध्यानात असावे. नवी स्वस्त झाल्यावर जुनीने पूर्वीचा भाव मागणे न्याय्य नाही.

येथे पतसंस्थांनाही एक सूचना करावीशी वाटते. कर्ज देताना सभासदाचे वेतन पाहिले जाते, जामीनदार पाहिले जातात. गाडी मात्र बहुधा कोणी पाहत नाही. जुन्या वाहनासाठी कर्ज देण्यापूर्वी स्वतंत्र मेकॅनिकचा लेखी तपासणी-अहवाल मागण्याचा नियम केला, तर सभासदाची बचत आणि संस्थेचे कर्ज या दोहोंचे रक्षण होईल. हप्ते पाच वर्षे फेडावयाचे असतात. गाडीनेही तितकी साथ द्यावी, एवढी अपेक्षा तरी सामान्य माणसाने का करू नये?