कुलूप गेलं, पत्ता वाचा

स्क्रीनपलीकडे । वाटसरू

नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की कुणाच्या डोक्यात वर्तमानपत्र येत नाही. ‘तो प्रेसमध्ये आहे’ म्हणजे तो नोटा, तिकिटं किंवा पासपोर्ट छापणाऱ्या सरकारी कारखान्यात आहे. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस आली. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. थोडक्यात, खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे कागदावरून कळावं म्हणून शंभर वर्षं राबणारं हे गाव आहे.

आमच्या सोसायटीतले काका त्याच प्रेसमधून निवृत्त झालेले. गेल्या आठवड्यात संध्याकाळी मोबाइल घेऊन दारात उभे. पासपोर्ट रिन्यू करायचा होता, नातवाला भेटायला जायचंय. “मुलाने बजावलंय, कुलूप दिसलं तरच माहिती भरा. इथे कुलूपच नाही. बघ बरं जरा.”

काकांचं बरोबर होतं. पत्त्याच्या शेजारी असायचं ते छोटं कुलूप नव्हतं. तिथे दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यावर दोन गोळे, जुन्या रेडिओची बटणं सरकवल्यासारखं चिन्ह. हा काही त्यांच्या फोनचा दोष नव्हता. गूगलच्या क्रोम ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलूप मुद्दाम काढून टाकलं. पंधरा-वीस वर्षं आपण एकमेकांना ‘कुलूप बघा’ म्हणून शिकवलं आणि कुलूप लावणाऱ्यानेच ते उतरवलं.

का उतरवलं, ते कळायला कुलूप मुळात काय सांगायचं ते बघावं लागेल. त्याचं म्हणणं दोनच गोष्टींपुरतं होतं. एक, तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जे जातं ते वाटेत कुणाला वाचता येत नाही की बदलता येत नाही. दोन, वर जो पत्ता दिसतोय, त्याच पत्त्याचा मालक पलीकडून उत्तर देतोय, असं एका प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने तपासलंय. संपलं. तो मालक सज्जन आहे की भामटा, याबद्दल कुलपाने कधी अवाक्षर काढलेलं नाही. पाकीट लाखेने नीट बंद केलंय एवढंच ते सांगत होतं. आपण लाख बघून पाकीट पाठवणाऱ्याला चारित्र्याचा दाखला देऊन बसलो.

एके काळी हा गैरसमज खपून जायचा, कारण प्रमाणपत्राला पैसे पडायचे आणि खटपट लागायची. २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाच्या ना-नफा उपक्रमाने ते फुकट आणि काही मिनिटांत द्यायला सुरुवात केली. हे चांगलंच झालं. नाहीतर गावातल्या शाळेची किंवा पतसंस्थेची साइट उघड्यावरच राहिली असती. पण नियम एकच आहे: पत्ता ज्याच्या ताब्यात, प्रमाणपत्र त्याला. भामट्यानेही पत्ता रीतसर विकत घेतलेला असतो. त्यामुळे त्याच्या दारालाही तेच कुलूप, तितकंच पक्कं. तुमचा पासवर्ड वाटेत कुणीही चोरणार नाही, तो थेट चोराच्याच घरी सुखरूप पोहोचेल.

गूगलने २०२१ मध्ये लोकांना विचारून पाहिलं, की या कुलपाचा अर्थ काय. नेमका अर्थ ११ टक्के लोकांना सांगता आला. शंभरातल्या ८९ जणांना ज्याचा नेमका अर्थ सांगता येत नाही, असं चिन्ह ठेवून काय करायचं? म्हणून ते गेलं. त्याआधी जुलै २०१८ पासून क्रोमने उलटी पाटी लावायला सुरुवात केली होती: ज्या साइटला एचटीटीपीएस, म्हणजे कुलपामागची ती बंद पाकिटाची सोय, नाही तिच्यावर ‘सुरक्षित नाही’. मला हे पटतं. हॉटेलात ‘इथलं पाणी पिण्याजोगं आहे’ अशी पाटी लावावी लागू नये. पिण्याजोगं नसेल तिथेच लावावी.

कुलपाहून भारी एक मानकरी होता, हिरवी पट्टी. जास्त पैसे भरले आणि कंपनीची कागदपत्रं दाखवली की पत्त्याशेजारी कंपनीचं नाव हिरव्या अक्षरांत झळकायचं. बँका ती मोठ्या अभिमानाने मिरवायच्या. २०१७ मध्ये इयन कॅरोल या अमेरिकी संशोधकाने केंटकी राज्यात ‘स्ट्राइप’ नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या प्रसिद्ध स्ट्राइपचंच नाव आपल्या साइटवर झळकवून दाखवलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, कागद सगळे खरे. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ती पट्टी पत्त्यावरून हटवली.

हे सांगताना मी काकांकडे पाहिलं. कागद खरे आणि माणूस खोटा, ही गोष्ट नाशिक रोडला नवी नाही. अब्दुल करीम तेलगी २००१ मध्ये पकडला गेला आणि मुद्रांक घोटाळ्याचा पसारा हळूहळू बाहेर आला. त्याच्या हाती लागलेली यंत्रं याच प्रेसने जुनी म्हणून मोडीत काढलेली होती. प्रेसच्या माणसाला ते नाव अजून टोचतं. काका एवढंच म्हणाले, “मशीन आमचंच होतं ना. मग छपाईत काय फरक दिसणार?”

त्यानंतर काय झालं, तेच इथे महत्त्वाचं. सरकारने आणखी चांगला कागद, आणखी बारीक जलचिन्ह एवढ्यावर भागवलं नाही. फ्रँकिंग आलं, मुद्रांक शुल्काची ई-एसबीटीआर ही पावती आली. आज दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्काची पावती उजेडात धरून बघत बसत नाही. तिचा क्रमांक सरकारी नोंदीत आहे का, ते बघतो. भरवसा कागदावरून उठून नोंदवहीत गेला.

इंटरनेटवरही अगदी हेच घडलं आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे, जरा ओशाळवाणा. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं, की आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनआयसीकडून, गूगलच्या पत्त्यांची प्रमाणपत्रं परवानगीशिवाय दिली गेली आहेत. विंडोज अशा भारतीय प्रमाणपत्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचं, त्यामुळे या प्रमाणपत्रांनाही कुलूप मिळालं असतं. एनआयसीचा प्रमाणपत्रं देण्याचा अधिकार लगेच रद्द झाला. तेलगीच्या वेळी यंत्र बाहेर गेलं होतं, इथे शिक्काच भलत्या कागदावर उमटला. अशा प्रकरणांतून धडा घेऊन प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवह्या सक्तीच्या झाल्या. एप्रिल २०१८ नंतर दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र अशा वहीत नोंदवलेलं नसेल तर क्रोम ते मानत नाही. ही वही कुणीही उघडून पाहू शकतो. ब्राउझर ती पडताळणी तुमच्या नकळत, डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

म्हणजे यंत्राचं काम यंत्र करतंय, आणि चोख करतंय. माणसासाठी उरलंय ते एकच काम, जे यंत्राला जमत नाही: आपल्याला ज्याच्याकडे जायचं होतं, त्याच्याच दारात आपण आहोत ना?

“काका, पत्ता वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी साइटचं मथळ्यातलं नाव वाचलं. तिरंग्याच्या रंगांची पट्टी, पासपोर्टचं चित्र, खाली ‘तातडीने अर्ज करा’ असं ठसठशीत बटण. मी म्हटलं, हे नाही. वरचा पत्ता, आणि तोही मागून पुढे. टपालखात्यात पत्राची वर्गवारी घराच्या नावापासून सुरू होत नाही. आधी पिनकोड, ४२२१०१ म्हणजे नाशिक रोड, मग गल्ली, मग घर. साइटचा पत्ताही तसाच. पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिथून मागे यायचं. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असेल तर घर सरकारचं, कारण तो शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. ‘गव्ह’ हा शब्द पत्त्यात मधेच कुठेतरी असणं, ‘गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’, किंवा डॉटच्या जागी आडवी रेघ असणं, म्हणजे घरावर ‘कलेक्टर निवास’ असं नाव रंगवून घेण्यासारखं. रंगवायला कोण अडवतंय?

काकांनी पत्त्यावर बोट टेकवलं, तेव्हा तो पूर्ण उलगडला. शेवटी होतं नुसतं ‘डॉट कॉम’. गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जी जाहिरात आली, तीच त्यांनी दाबली होती. मी ते रेघा-गोळ्यांचं चिन्ह उघडून दाखवलं. आत, हरवलेल्या कुलपाच्या चित्राशेजारी, शांतपणे लिहिलं होतं: कनेक्शन सुरक्षित आहे. तेही खोटं नव्हतं. अशा बनावट पासपोर्ट साइटींबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या साइटवर इशारा दिलेला आहे. पण तो इशारा वाचायला आधी खऱ्या साइटवर पोहोचावं लागतं!

इथे माझी तक्रार काकांसारख्यांबद्दल नाही. पत्ता वाचा म्हणून लोकांना सांगायचं आणि पत्ता वाचता येऊ नये अशी सोय स्वतःच करायची, हा उद्योग संस्था करतात. मला एका कार्यालयाचा बिलाचा मेसेज आला, त्यात सहा-सात अक्षरांची आखूड लिंक, जिच्यावरून घर कोणाचं ते ब्रह्मदेवालाही कळू नये. अशा लिंकवर पैसे भरायची सवय लावणं म्हणजे पुढच्या भामट्याची मशागत करून ठेवणं.

रिझर्व्ह बँकेने निदान एक शहाणपण केलं. सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली साइट ‘बँक डॉट इन’ या शेवटावर न्यावी, असा आदेश दिला. तो शेवट हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच मिळतो आणि फक्त बँकेलाच मिळतो. सहकारी बँकांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्याला याचा मोठा उपयोग आहे. गल्लीतली बँक आणि मुंबईतली बँक, दोघींचा ‘पिनकोड’ एकच.

नाशिकची परीक्षा पुढेच आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं. देशभरातले लोक फोनवर तंबू, खोल्या, गाड्या, पूजा शोधणार, आणि प्रयागराजच्या कुंभात जे झालं तेच इथे होणार: हुबेहूब साइट, आगाऊ पैसे, आणि आल्यावर मोकळं मैदान. प्रशासनाने हजार सूचना देण्याऐवजी ‘गव्ह डॉट इन’ने संपणारा एकच पत्ता ठरवावा आणि तो रामकुंडापासून एसटीच्या पाठीपर्यंत सगळीकडे रंगवावा, लिंक म्हणून नव्हे, वाचता येईल अशा अक्षरांत. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांकही त्याच पाटीवर. पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

काकांनी ती साइट बंद केली. खरा पत्ता मी सांगितला तसा एकेक अक्षर करत त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून घेतला, आणि ‘गव्ह डॉट इन’खाली दोन रेघा मारल्या.

“आम्ही नवीन पोरांना हेच सांगायचो,” चष्मा पुसत ते म्हणाले. “चित्र सगळ्यात शेवटी बघा. नकली करणारा सगळी मेहनत चित्रावरच घेतो.”