नाव सांगायचं नाही!

परवा ऑफिसमधून नेहमीसारखं उशिरा घरी आलो. डोकं पार आउट. काहीतरी ढिशुम ढिशुम बघू म्हणून ‘स्पार्टाकस’ लावला. १९६० चा सिनेमा, स्टॅन्ली कुब्रिकचा. सव्वातीन तासांचा! म्हटलं, तलवारी सुरू झाल्या की झोप लागेल. कसली झोप? रात्री दीड वाजता टक्क जागा होतो.

स्पार्टाकस खरंच होऊन गेला बरं का! इ.स.पू. ७३ मध्ये इटलीतल्या कापुआच्या ग्लॅडिएटर शाळेतून सत्तरेक गुलाम पळाले. हत्यारं काय, तर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया! बघता बघता हजारो गुलाम येऊन मिळाले आणि दोन वर्षं त्यांनी रोमच्या नाकी नऊ आणले. शेवटी क्रॅससनं बंड चिरडलं. पकडलेल्या ६,००० जणांना कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेनं क्रुसावर चढवलं.

सिनेमात त्याआधी एक सीन आहे. हरलेले गुलाम साखळदंडात बसलेत. रोमनांची ऑफर येते : स्पार्टाकस कोण ते दाखवा, क्रूस टळेल. गुलामी मात्र चालूच. स्पार्टाकस उठायला लागतो, तेवढ्यात शेजारचा अँटोनिनस उठून ओरडतो, मीच स्पार्टाकस! मग दुसरा उठतो. मग तिसरा. मग अख्खी टेकडीच. कर्क डग्लसच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो आणि... बॉस, अंगावर काटा!

इतिहासात असं काही घडलं नाही. खरा स्पार्टाकस लढाईतच पडला, त्याचा मृतदेहही सापडला नाही. पण या सिनेमामागच्या माणसांना ‘नावं सांगा, सुटाल’ ही ऑफर चांगलीच ओळखीची होती. मूळ कादंबरी लिहिणारा हॉवर्ड फास्ट. कम्युनिस्टांची शोधाशोध चालू असताना त्यानं सरकारी समितीला नावं द्यायला नकार दिला आणि १९५० मध्ये जेलमध्ये गेला. पटकथा लिहिणारा डाल्टन ट्रम्बो. त्यानंही १९४७ मध्ये समितीला उत्तरं दिली नाहीत. त्यालाही जेल झाली, वर हॉलिवुडची दारं बंद! मग बिचारा खोट्या नावांनी लिहायचा. ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेला ऑस्कर मिळालं, तेही ‘रॉबर्ट रिच’ या खोट्या नावाला. ‘स्पार्टाकस’ लिहितानाही तो ‘सॅम जॅक्सन’ होता. पण सिनेमा पडद्यावर आला तेव्हा तिथे ट्रम्बोचं खरं नाव होतं. निदर्शनं झाली, तरी १९६१ मध्ये खुद्द अध्यक्ष केनेडी थिएटरमध्ये जाऊन सिनेमा बघून आले.

आता मला झोप का लागली नाही ते सांगतो. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये एका रिपोर्टात चूक निघाली. ‘हे कोणी केलं?’ चूक आम्हा चौघांची होती. तिघांच्या नजरा टेबलाखालच्या मोबाइलवर. चौथीनं हात वर केला आणि एकटीनं सगळं ऐकून घेतलं.

त्या तिघांत मी होतो. तिथे क्रूस नव्हता, जेल नव्हती. फार तर अप्रेझलमध्ये थोडं कमी मिळालं असतं. तरी उठलो नाही.

सोमवारी तिला कॉफी पाजून सॉरी म्हणणार आहे. पण कॉफी सोपी असते हो. पुढच्या मीटिंगला खुर्चीतून उठता येतं का, ते बघायचं!