आलेखाची डावी बाजू

पृष्ठभाग जितका जलस्नेही, तितके उकळणे उत्तम, असे एक मत सध्या अभियांत्रिकीच्या वर्तुळात मोठ्या ऐटीत मिरवते आहे. हे मत मांडणाऱ्यांचा पक्ष थोडक्यात असा: धातूला लेप द्या, पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, शून्याकडे न्या, पाणी पृष्ठभागाला धरून राहील, वाफेला पडदा पाडायला फट मिळणार नाही आणि पाणी उकळवणारी नळी जळायची चिंता मिटेल. मग एक आलेख दाखवतात, तो उजवीकडे उंच चढतो, टाळ्या पडतात. त्याच्या डाव्या बाजूकडे पाहायची मात्र कुणाला फुरसत नसते.

जपानच्या नुकियामांनी 1934 साली पाण्यात बुडवलेल्या तारेतून वीज सोडून उकळण्याचा हा आलेख मांडला. तार आणि पाणी यांच्या तापमानातला फरक वाढवत गेले की बुडबुडे सुटतात, उष्णता झपाट्याने निघते. मग एक टोक येते, क्रिटिकल हीट फ्लक्सचे. साध्या पृष्ठभागावर, नेहमीच्या हवेच्या दाबाला, पाण्यासाठी ते दर चौरस मीटरला सुमारे 10 लाख वॅट असते. त्यापुढे वाफेचा पडदा पडतो आणि तार एकदम तापते. निक्रोमची वितळली, प्लॅटिनमची तगली. जलस्नेही पृष्ठभाग हे टोक वर नेतो, कारण कोरड्या पडू लागलेल्या डागात पाणी परत शिरते. यात वाद नाही. पण टोकाला रोज जातो कोण? रोजचे काम चालते ते आलेखाच्या डाव्या बाजूला, जिथे बुडबुडे नुकते सुरू होतात.

बुडबुड्याला जन्मायला जागा लागते, आणि ती मिळते धातूच्या बारीक खाचांत अडकलेल्या हवा-वाफेत. जलस्नेही पृष्ठभागावर पाणी त्या खाचांतही घुसते, हवेला हाकलून देते आणि बुडबुडा निघायला तापमान आणखी चढवावे लागते. जलविरोधी पृष्ठभागावर उलट: 100 अंशांच्या जेमतेम वर गेले की बुडबुडे सुरू. म्हणजे थोड्या उष्णतेच्या कामात तथाकथित ‘वाईट’ पृष्ठभागच सरस, कारण तितकीच उष्णता तो कमी फरकात काढून देतो. दर अंशाला किती उष्णता निघते हे एक माप, कोसळण्याआधी किती निघेल हे दुसरे. आमचे प्रतिपक्षी दुसऱ्याचे कौतुक करतात आणि पहिल्याचे बिल गिऱ्हाइकाला पाठवतात. शंका असेल त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स थंड करायला वापरतात त्या फ्लोरिनयुक्त द्रवांकडे पाहावे. ते जवळजवळ प्रत्येक पृष्ठभागाला पूर्ण भिजवतात. या मताप्रमाणे ते उकळण्याचे बादशहा ठरायला हवेत. प्रत्यक्षात उकळणे उशिरा सुरू होते, तोवर चिपचे तापमान चढत राहते, आणि सुप्त उष्णता कमी असल्याने त्यांचे टोकही पाण्यापेक्षा फार खाली.

शिवाय स्पर्शकोन मोजतात थंड पट्टीवरच्या निवांत थेंबावर, आणि निष्कर्ष लावतात खदखदत्या पृष्ठभागावर. खडबडीतपणाचा हिशेब तर अनेकदा धरलाच जात नाही.

असा एकसुरी उत्साह नवा नाही. 1950 च्या दशकात हे टोक वर्तवणारे एक सूत्र निघाले. त्यात वाफेची घनता होती, पृष्ठताण होता, पृष्ठभाग मात्र नव्हता. पृष्ठभागाचे नाव काढणाऱ्याला त्या सूत्राचे भक्त पाखंडी ठरवत. पुढे 2003 च्या सुमारास पाण्यात अतिसूक्ष्म कण घातले की हे टोक दुपटीहून वर जाते असे दिसले आणि सगळे द्रवाच्या गुणधर्मांचे पोवाडे गाऊ लागले. खरी करामत धातूवर बसलेल्या कणांच्या थराची होती. पृष्ठभाग जास्त भिजू लागला होता. काल पृष्ठभागाला शून्य किंमत देणारे आज त्याला एकच गुण देतात, एवढीच काय ती प्रगती.

मग आमचे म्हणणे काय? पृष्ठभाग कामानुसार निवडा. तारापूरच्या 1969 पासूनच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांसारख्या ठिकाणी टोकापासून दूर राहणे हाच धर्म. तिथे भिजणारा पृष्ठभाग घ्या. थोड्या उष्णतेचे काम असेल तिथे बुडबुड्यांना जागा द्या. दोन्ही हवे असेल तर जलस्नेही पार्श्वभूमीवर जलविरोधी ठिपके पेरता येतात: बुडबुडे ठिपक्यांवर जन्मतात, पाणी भोवतीच्या भागातून परत येते. गेल्या दीड दशकातल्या प्रयोगांत असे मिश्र पृष्ठभाग दोन्ही मापांत पुढे गेलेले आहेत. क्षार साचल्यावर ते ठिपके किती दिवस ठिपके राहतील, हे लेप विकणाऱ्याला आधी विचारावे, पैसे मग द्यावेत.