किल्ल्याची फेरी आपणच मारावी

नगरचा भुईकोट किल्ला भक्कम म्हणून नावाजलेला. पण १८०३ साली वेलस्लीने ९ ऑगस्टला त्याची टेहळणी केली, १० तारखेला तोफा डागल्या आणि १२ तारखेला किल्ला घेतला. तटाची दुबळी बाजू कुणीतरी हेरतेच. ती आधी धन्याला दिसते की शत्रूला, एवढाच प्रश्न.

आज घरोघरी, शाळेत, पतसंस्थेत वायफायचा डबा लुकलुकतो. त्याच्या लहरी भिंतीबाहेर जातात, हे आपल्या ध्यानी नसते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे धमकीचा ई-मेल गेला तो नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वायफायवरून. पाठवणारा भलताच, चौकशीचा ससेमिरा मात्र या गृहस्थामागे लागला.

यावरचा एक उपाय माळ्यावर धूळ खात असतो, तो म्हणजे जुना संगणक. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या फुकट मिळतात आणि पेनड्राइव्हवरून चालतात. वायफाय कार्डाने साथ दिली, की आपल्या डब्याला कोणते कुलूप आहे ते पडद्यावर दिसते. ‘वेप’ हे कुलूप २००१ सालीच कुचकामी ठरले. ‘डब्ल्यूपीएस’चा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता, असे आपण समजतो. पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये उघड झाले. तेव्हा ही सोय बंद करावी, ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘३’ लावावे आणि आपला मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नये.

मुलांना हे शिकवणे म्हणजे घरफोडीचे धडे देणे, असे काही पालक म्हणतील. शंका रास्त आहे. माझी हयात बँकेत गेली. तिथे अवचित तपासणी अधिकारी येई आणि तिजोरीतली रोकड मोजे. पण त्याच्या हाती अधिकारपत्र असे. ते नसते, तर आम्ही त्याला तिजोरीपाशी उभे केले नसते. माहिती तंत्रज्ञान कायदाही हेच सांगतो. परवानगीवाचून, लबाडीने दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने एक जुना संगणक राखून ठेवावा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी वर्षातून एकदा शाळेचेच वायफाय तपासावे. शेजारच्या डब्याचे नाव पडद्यावर दिसले तरी त्याला हात लावायचा नाही, हा पहिला धडा.